योनाच्या डोक्यावरची सावली

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचा विषय आहे, ख्रिस्ती श्रद्धेत बायबलचं स्वरूप काय आणि त्याचा अधिकार किती. एवढं ऐकूनच काहींचा हात बटणाकडे गेला असेल. थांबा जरा. मी एका झाडाची गोष्ट सांगायला आलोय. त्या झाडापायी सोळाशे वर्षांपूर्वी एका चर्चमध्ये भर उपासनेत दंगा झाला. पण ती कळायची तर दोन-तीन गोष्टी आधी माहीत हव्यात. त्या भराभर सांगून टाकतो.

बायबल दिसायला एक पुस्तक असलं तरी नाव मुळात अनेकवचनी आहे. ग्रीकमधलं ‘बिब्लिया’, म्हणजे ‘पुस्तकं’. एका पुठ्ठ्यात बांधलेलं अख्खं कपाटच म्हणा ना. त्यात कायदे आहेत, वंशावळी आहेत, विलापगीतं आहेत, प्रेमगीतं आहेत, म्हणी आहेत, पत्रं आहेत. जुना करार, म्हणजे यहुद्यांचे शास्त्रलेख, बहुतेक हिब्रूत, थोडासा अरामीत. नवा करार, म्हणजे येशू आणि त्याच्या अनुयायांबद्दलचा भाग, ग्रीकमध्ये. कपाटात पुस्तकं किती? प्रॉटेस्टंट सांगतील 66, कॅथलिक सांगतील 73, इथिओपियातलं ऑर्थोडॉक्स चर्च 81 मोजतं. नव्या कराराची आजची 27 नावं, एक कमी नाही एक जास्त नाही, अशी आपल्याला पहिल्यांदा दिसतात ती सन 367 मध्ये, अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांच्या पत्रात. म्हणजे येशूनंतर तीनशेहून अधिक वर्षांनी. यादी आभाळातून पडलेली नाही. वाचता वाचता, वापरता वापरता ठरत गेली.

आता अधिकार. प्रेषित पौलाच्या नावानं, त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात, शास्त्रलेख ईश्वरप्रेरित आहे असं म्हटलंय. मूळ ग्रीक शब्दात देवाचा श्वास आहे. देवानं ज्यात फुंकर घातली असं काहीतरी. लिहिणाऱ्यासमोर तेव्हा नवा करार नव्हता, हेही लक्षात ठेवा. तो बोलत होता ते यहुदी शास्त्रलेखांबद्दल. आणि याच पत्रात, पुढच्याच अध्यायात, तो सांगतो: त्रोवसात कार्पाकडे माझा झगा राहिलाय, येताना तो आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं आण. आता मला सांगा, हा झगाही ईश्वरप्रेरित का? हा प्रश्न मी चेष्टेनं विचारत नाही. करिंथकरांना लिहिताना पौल म्हणतो, मी तुमच्यापैकी क्रिस्प आणि गायस यांच्याशिवाय कोणाचा बाप्तिस्मा केला नाही. मग आठवतं: हो, स्तेफनाच्या घरच्यांचाही केला. आणि पुढे, आणखी कोणाचा केला असेल तर आठवत नाही! लाखो लोक ज्याला देवाचं वचन मानतात त्यात लिहिणारा ‘आठवत नाही’ म्हणतो, आणि कोणी ते खोडलेलं नाही. मला विचाराल तर या एका ‘आठवत नाही’साठी मी बाकी दहा पुरावे सोडायला तयार आहे.

म्हणून मुख्य प्रवाहातल्या ख्रिस्ती परंपरेचं म्हणणं थोडक्यात असं: ग्रंथ देवाचा, भाषा माणसांची. पुन्हा सांगतो, ग्रंथ देवाचा, भाषा माणसांची. देवानं मजकूर सांगितला आणि लेखकानं नुसता उतरवून घेतला, असं ते सहसा म्हणत नाहीत. लूक तर आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या, पहिल्याच ओळींत सांगतो की, मी सगळं मुळापासून नीट शोधून काढलंय.

वाद आहे तो यापुढे. सोळाव्या शतकात ल्यूथर हा जर्मन सुधारक आणि त्याच्या बाजूचे, म्हणजे प्रॉटेस्टंट, म्हणाले, शेवटचा शब्द पवित्र शास्त्राचा. पोप असो की धर्मसभा, त्यांना तोलायचं ते शास्त्रानंच. कॅथलिक चर्च म्हणालं, शास्त्र आणि परंपरा दोन्ही एकाच झऱ्याच्या, आणि अर्थ लावायचा तो चर्चनं. ऑर्थोडॉक्स म्हणतात, शास्त्र हे चर्चच्या जगण्याच्या आतच आहे, बाहेर काढून तपासू नका. काही जण म्हणतात, मूळ प्रतीत एकही चूक नाही. 1978 मध्ये शिकागोत जमलेल्या मंडळींनी तसा जाहीरनामाच काढला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1965 मध्ये जरा वेगळी मांडणी केली: आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य लिहवून घ्यायचं होतं, ते शास्त्र न चुकता शिकवतं. झालं. यावर कपाटंच्या कपाटं भरलीत, ती तुम्ही सवडीनं उघडा.

जाता जाता एक तक्रार. वचनांना आकडे कोणी घातले? नव्या करारातले आजचे आकडे छापले ते रॉबेर एस्तिएन नावाच्या मुद्रकानं, 1551 मध्ये. सोय झाली, कबूल. पण तेव्हापासून लोक शास्त्र चण्याफुटाण्यांसारखं खायला लागले. एक वचन इकडचं, एक तिकडचं, आणि समोरच्याच्या डोक्यात हाणायचं. मागचंपुढचं कोण वाचतो?

असो. आता माझी गोष्ट.

चौथ्या शतकाच्या शेवटी बेथलेहेमात जेरोम नावाचा एक विद्वान साधू राहत होता. विद्वान खरा, पण तिरसट. तरुणपणी सीरियाच्या वाळवंटात तप करायला गेला, तेव्हा मनात नको नको ते विचार येत. त्यांना लगाम घालायला म्हणून एका धर्मांतरित यहुद्याकडून हिब्रू शिकायला बसला. घशातून खरवडून काढायचे उच्चार, धाप लागेल असे शब्द; कितीदा सोडलं, कितीदा परत धरलं, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे 382 च्या सुमाराला पोप दमासस यांनी त्याला लॅटिन शुभवर्तमानं सुधारायचं काम दिलं. त्यानंतर काही वर्षांनी त्यानं जुना करार थेट हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणायला घेतला.

यात मोठं काय? मोठं हे, की तोवर लॅटिन ख्रिस्ती लोक जुना करार वाचत तो भाषांतराचं भाषांतर होता. हिब्रूवरून ग्रीक, ग्रीकवरून लॅटिन. त्या जुन्या ग्रीक भाषांतराला, सेप्टुअजिंटला, फार मान. बहात्तर जण वेगवेगळ्या खोल्यांत बसले आणि सगळ्यांचं भाषांतर शब्दाला शब्द जुळलं, अशी आख्यायिका होती. जेरोमचा त्या खोल्यांवर काडीचा विश्वास नव्हता. उत्तर आफ्रिकेत हिप्पोचे बिशप होते ऑगस्टिन. त्यांचा मात्र होता. आणि त्यांना काळजी वाटत होती की ग्रीक चर्च एक वाचणार आणि लॅटिन चर्च दुसरंच, मग चर्च दुभंगणार.

403 मध्ये ऑगस्टिननी जेरोमला पत्र लिहिलं. त्यात एक बातमी होती. ओइया नावाच्या गावात, म्हणजे आजच्या लिबियातलं त्रिपोली, तिथल्या बिशपनं तुमचं नवं भाषांतर उपासनेत वाचायला घेतलं. पुस्तक होतं योना.

योनाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. देव योना या संदेष्ट्याला म्हणतो निनवे शहराला जा, हा जहाजात बसून भलतीकडे पळतो, वादळ, समुद्र, मासा. पण वाचन चाललं होतं त्याच्या बरंच पुढचं, चौथ्या अध्यायातलं. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, देवानं शिक्षा मागे घेतली, आणि योना रुसून शहराबाहेर जाऊन बसला. तेव्हा देवानं एक झाड उगवलं आणि त्याच्या डोक्यावर सावली धरली.

बिशप वाचतोय. लोक उभे आहेत. त्यातल्या पुष्कळांना हा भाग तोंडपाठ. पिढ्यान् पिढ्या ऐकलेला. इथे आणखी एक तक्रार: चर्चमध्ये वाचन करणाऱ्यांनी आदल्या रात्री निदान एकदा घरी मोठ्यानं वाचून यावं. नावांवर ठेचकाळत, ओळी गिळत वाचलेलं शास्त्र कोणाच्या कानात राहणार? ओइयात राहिलेलं होतं. म्हणून तर त्या दिवशी एक शब्द आला आणि सगळ्यांचे कान टवकारले. हा आपला शब्द नाही!

आणि उसळला की गोंधळ. विशेषतः गावातले ग्रीक लोक ओरडायला लागले: खोटं आहे, भाषांतर खोटं आहे! बिशप बिचारा घाबरला. गावातल्या यहुद्यांकडे गेला, तुमच्या हिब्रूत काय आहे ते सांगा म्हणाला. ते म्हणाले, ग्रीकात आणि जुन्या लॅटिनमध्ये आहे तेच आमच्याकडेही आहे. संपलं. बिशपनं पुढे उपासनेत तो शब्द बदलून जुनाच वाचला. नाहीतर एकही माणूस त्याच्या चर्चमध्ये उरला नसता. ऑगस्टिन म्हणतात, थोडक्यात वाचला.

आता गंमत बघा. एवढं सगळं लिहिलं, पण तो शब्द कोणता, हे ऑगस्टिननी लिहिलंच नाही!

पत्र बेथलेहेमला पोचलं. दोघांमध्ये आधीच कुरबूर होती. ऑगस्टिनचं त्याआधीचं एक टीकेचं पत्र जेरोमला मिळण्याआधी रोममध्ये हातोहात फिरलं होतं. त्यामुळे हा गृहस्थ आधीच तापलेला. त्यानं उत्तर दिलं: शब्द कोणता ते तुम्ही सांगत नाही, म्हणजे मला बचाव करायलाही जागा ठेवत नाही. पण मी ओळखतो. तो भोपळा असणार.

कारण भोपळ्यावरून त्याला आधीही बोलणी बसली होती. जुन्या भाषांतरात योनाच्या डोक्यावर भोपळ्याचा वेल होता. जेरोमनं तिथे लावला आयव्ही. भिंतीवर चढतो ना, तो आयव्ही. त्यावर रोममधल्या एकानं त्याच्यावर धर्मद्रोहाचा आरोप केला होता. जेरोमनं योनावरच्या टीकेत त्याला टोला हाणला होता, की भोपळ्याऐवजी आयव्ही उगवला तर चोरून प्यायला तुंबा कुठून मिळणार, याची याला चिंता पडली असावी. आणि ओइयाच्या यहुद्यांबद्दल? त्यांना एकतर हिब्रू येत नसावं, नाहीतर भोपळेवाल्यांची मजा करायला मुद्दाम तसं सांगितलं असावं. संत झाला म्हणून जीभ गोड होतेच असं नाही.

पण मग त्यानं जे लिहिलंय ते ऐका. हिब्रूत शब्द आहे ‘किकायोन’. ते भोपळाही नाही आणि आयव्हीही नाही. ते एक झुडूप आहे, द्राक्षाच्या पानांसारखी रुंद पानं, दाट सावली, आणि कशाच्याही आधाराशिवाय आपल्या खोडावर उभं. लॅटिनमध्ये त्याला नाव नाही. ‘किकायोन’ तसाच ठेवला असता तर कोणाला कळला नसता. भोपळा लिहिला असता तर हिब्रूत नाही ते लिहिल्यासारखं झालं असतं. म्हणून आधीच्या काही ग्रीक अनुवादकांनी लिहिलं तेच लिहिलं, आयव्ही.

म्हणजे ज्या शब्दावरून चर्च डोक्यावर घेतलं तो शब्दही बरोबर नव्हता, आणि ज्या शब्दासाठी घेतलं तोही. ‘किकायोन’ अख्ख्या बायबलमध्ये योनाच्या या एकाच अध्यायात येतो, पाच वेळा, दुसरीकडे कुठेच नाही. आज बरेच अभ्यासक म्हणतात, तो एरंड असावा. हो, आपला एरंड! ओसाड गावी एरंड बळी म्हणतात, ते योनाला तंतोतंत लागू. आणि माझ्या या भाषणाला तुम्ही एरंडाचं गुऱ्हाळ म्हणालात तर मला राग येणार नाही.

आज हा घोळ एका तळटीपेत मिटतो. वर एक शब्द, खाली बारीक अक्षरात: हिब्रू शब्दाचा अर्थ निश्चित नाही. मला तळटीपा फार आवडतात. त्या मुंगीच्या पायांएवढ्या टायपात का छापतात, ते मात्र छापणाऱ्यांनाच ठाऊक.

आता वेळ संपत आलाय, म्हणून विषयाकडे. त्या दिवशी ओइयात लोकांनी आरडाओरडा केला तो अडाणीपणानं, असं मी म्हणणार नाही. ज्या शब्दांवर आपण जन्म काढला ते कोणी परस्पर बदलले तर माणूस ओरडणारच. शास्त्राचा अधिकार त्यांच्या लेखी फळीवरच्या ग्रंथात नव्हता, कानात होता. आणि जेरोमचा अधिकार होता मुळात काय लिहिलंय त्याचा. दोघांनाही शास्त्रच हवं होतं. ग्रंथ देवाचा, भाषा माणसांची. भांडण झालं ते दुसऱ्या अर्ध्यावर.

पण एक गोष्ट मला अजून खटकते. त्याच योनाच्या पुस्तकात एक अध्याय मागे योना ओरडून सांगतो, आणखी चाळीस दिवसांनी निनवे बुडेल. हे हिब्रूत. जुन्या ग्रीकात आहे, तीन दिवसांनी! सदतीस दिवसांचा फरक. एका शहराच्या मरणाची तारीख. त्यावर ऑगस्टिननी पुढे शांतपणे लिहिलं की दोन्ही खरे, आत्मा दोन्हींतून बोलला. त्या तारखेवरून कुठल्या चर्चमध्ये बाकं उलटली, असं माझ्या तरी वाचनात नाही. गोंधळ झाला तो झाडावरून.

आणि त्या अध्यायात असतं काय? सकाळी एक किडा येतो, झाड कुरतडतो, झाड वाळतं. ऊन डोक्यावर येतं, पूर्वेचा गरम वारा सुटतो. योना झाडासाठी इतका संतापतो की मला मरण येऊ दे म्हणतो. तेव्हा देव त्याला विचारतो: जे तू लावलं नाहीस, वाढवलं नाहीस, एका रात्रीत आलं आणि एका रात्रीत गेलं, त्या झाडाची तुला एवढी हळहळ. मग मी या निनवेची हळहळ करू नये? तिच्यात उजवं-डावं न कळणारी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आहेत.

पुस्तक या प्रश्नावरच थांबतं. योनानं काय उत्तर दिलं ते कुठल्याच भाषांतरात नाही. प्रश्नाच्या शेवटी, माणसांच्या मागोमाग, फक्त एवढंच आणखी: आणि पुष्कळ गुरंढोरं.

नमस्कार.