परत गेलेलं सांत्वन

मित्रहो,

संस्कृतमधली एक ओळ तुम्ही कुठल्या ना कुठल्या शोकसभेत नक्की ऐकली असेल. ‘मरणं प्रकृतिः शरीरिणां विकृतिर्जीवितमुच्यते बुधैः.’ मरण हीच देहधाऱ्यांची मूळ स्थिती, जगणं हा त्यातला बिघाड. वक्ता गंभीर आवाजात हे म्हणतो, लोक माना डोलावतात, आणि ज्याचं माणूस गेलेलं असतं तो पहिल्या रांगेत खाली बघत बसलेला असतो. ओळ कालिदासाची आहे, ‘रघुवंशा’च्या आठव्या सर्गातली. ती उद्धृत करणारे बहुतेक जण तिथेच थांबतात. पुढचे काही श्लोक वाचले तर ती ओळ पुन्हा शोकसभेत म्हणण्याचं धाडस होणार नाही.

प्रसंग असा. राजा अज आणि इंदुमती उपवनात आहेत. आकाशमार्गाने चाललेल्या नारदाच्या वीणेवरची फुलांची माळ वाऱ्याने घसरून इंदुमतीच्या अंगावर पडते आणि ती मरते. अज विलाप करतो. कुलगुरू वसिष्ठ यज्ञाच्या दीक्षेत असल्यामुळे स्वतः येऊ शकत नाहीत, शिष्याबरोबर निरोप पाठवतात. आपली ओळ या निरोपातली. निरोप उत्तम आहे, तर्कात कुठेही फट सोडलेली नाही. अज तो ऐकतो, ‘बरं’ म्हणतो, आणि शिष्याला आदराने निरोप देतो. मग कालिदास सांगतो की शोकाने गच्च भरलेल्या त्या हृदयात उपदेशाला पाय ठेवायला जागाच मिळाली नाही, आणि तो जणू आला तसा गुरूंकडे परत गेला. पत्ता न सापडलेल्या टपालासारखा.

पुढची आठ वर्षं अज जगतो ते मुलगा लहान आहे म्हणून. तो मुलगा दशरथ. ही वर्षं कशी काढली तेही कवीने नोंदवलंय: तिच्या चित्रांकडे बघत, तिच्यासारखं काही दिसलं की तिथे रेंगाळत, आणि स्वप्नात होणाऱ्या क्षणभराच्या भेटींवर. आज चित्रांच्या जागी मोबाइलमधले फोटो आले, एवढाच फरक. शोक मात्र आतून काम करत राहतो. प्लक्षाचं, म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडाचं रोप वाड्याच्या गच्चीला फोडत जातं, तसा तो अजाचं काळीज फोडतो. मुलगा कवच घालण्याएवढा झाल्यावर राज्य त्याच्या हाती देऊन अज अन्न सोडतो आणि मरतो.

म्हणजे ज्या कवीची ओळ आपण सांत्वन म्हणून वापरतो, त्यानेच ते सांत्वन फसल्याचा अहवालही लिहून ठेवलाय. आपण अहवालाचं पहिलं पान तेवढं वाचतो.

ते फसलं का, याचं उत्तर त्याच सर्गात, थोडं मागे आहे. ‘गृहिणी सचिवः सखी मिथः प्रियशिष्या ललिते कलाविधौ.’ घर सांभाळणारी, सल्ला देणारी, एकांतातली मैत्रीण, कला शिकताना लाडकी शिष्या. आणि लगेच मृत्यूला धरून प्रश्न: तुला नेताना त्याने माझं काय न्यायचं ठेवलं, सांग. अज इथे मोजतोय. एक व्यक्ती गेली आणि चार जागा रिकाम्या झाल्या, प्रत्येकीचा अभाव दिवसाच्या वेगळ्या वेळी जाणवणार. वसिष्ठ बोलतात ‘शरीरिणां’, सगळ्या देहधाऱ्यांबद्दल. अजाचं दुःख सगळ्यांबद्दल नाहीच.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंचे यजमान गेले. त्यांचं खातं बंद करायला त्या एका कार्यालयात गेल्या. अर्जात चौकट होती: मृताशी नातं. त्यांनी लिहिलं, पत्नी. चौकट भरली. नंतर मला म्हणाल्या, “तिथे एकच शब्द मावत होता हो. आता रात्री ‘कडी लावलीस का?’ असं विचारणारं कुणी नाही, ते मी कुठे लिहिणार होते?” अर्जाचा नमुना बनवणाऱ्याचा यात दोष नाही, अर्जाला एक शब्द पुरतो. आणि काही नात्यांना तोही शब्द मिळत नाही. चाळीस वर्षांचा मित्र गेला तर त्याच्यासाठी कुठल्याच अर्जात चौकट नसते, रजाही नसते. मृत्युशास्त्राचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकावर पुस्तक संपादित केलं: समाजाने ज्याचा हक्कच मान्य केलेला नाही असा शोक.

आता महाभारतात या. स्त्रीपर्वाच्या सुरुवातीलाच विदुर धृतराष्ट्राची समजूत घालतो. ‘सर्वे क्षयान्ता निचयाः’, साठवलेलं सगळं संपतं, चढलेलं पडतं, भेटीचा शेवट ताटातुटीत आणि जगण्याचा मरणात. अध्यायामागून अध्याय हे चालतं. व्यासही येऊन समजावतात. एवढं तत्त्वज्ञान ऐकून म्हातारा पांडवांना भेटायला जातो आणि भीम समजून लोखंडाच्या पुतळ्याला मिठीत चिरडतो. कृष्णाने ऐन वेळी भीमाला बाजूला सारलं नसतं तर? समजूत कितपत पटली होती, याचं याहून स्पष्ट उत्तर मला कुठल्याच ग्रंथात सापडलेलं नाही.

गांधारीचं वेगळं. तिला व्यासांच्या वराने रणभूमी दिसते, आणि ती कृष्णाला एकेक देह दाखवत जाते. हा दुर्योधन, हा दुःशासन, हा विकर्ण. शत्रुपक्षातला अभिमन्यूही तिच्या यादीत आहे, त्याच्या अंगावरचं रक्त पुसत त्याच्याशी बोलणाऱ्या उत्तरेसकट. मग कौरवांकडून लढलेल्या भूरिश्रव्याचा तुटलेला हात येतो. त्याची बायको तो मांडीवर घेते आणि म्हणते, हाच तो हात, माझी मेखला ओढणारा, नीवी सोडवणारा. रणांगणावर, सासू-सुनांच्या देखत, ती शृंगार आठवते आहे. अलंकारशास्त्रातले पंडित हा श्लोक उदाहरणादाखल घेतात आणि शृंगार इथे करुणाचं अंग झाला, असा निर्णय देतात. निर्णय बरोबरच आहे. पण मला दिसतं ते एवढंच की तिला नवरा पूर्ण आठवत नाही, हात आठवतो. हाताने काय काय केलं ते आठवतं. सगळी यादी संपल्यावर गांधारी कृष्णाला शाप देते, छत्तीस वर्षांनी तुझं कुळही असंच आपसांत लढून नष्ट होईल. कुणी तिला मधेच थांबवून ‘हे असं चालायचंच’ म्हणालं असतं, तर शापाची वेळ आधीच आली असती.

इथे कुणीतरी तुकोबांचं नाव काढेल, म्हणून मीच काढतो. ‘बाप मेला न कळतां । नव्हती संसाराची चिंता’ हा अभंग. ‘बाईल मेली मुक्त जाली । देवें माया सोडविली’, ‘पोर मेलें बरें जालें’, ‘माता मेली मज देखतां’. याला वैराग्याचा अभंग म्हणतात, आणि ‘विठो तुझें माझें राज्य’ हे ध्रुपद त्याला पाठिंबाही देतं. मला तो वाचताना दरवेळी हजेरीपट दिसतो. बाप, बायको, पोर, आई. वैराग्य पूर्ण झालेल्या माणसाने ‘सगळे गेले, बरं झालं’ एवढंच म्हटलं असतं. इथे प्रत्येकाला स्वतंत्र ओळ आहे. आणि बारकावा बघा: बाप गेला ‘न कळतां’, आई गेली ‘मज देखतां’. कोण कसं गेलं, तेव्हा आपण जाणते होतो का, डोळ्यांदेखत झालं का, हे सगळं जपून ठेवलंय. ‘बरें जालें’ हे शब्द तुकोबा स्वतः म्हणतात म्हणून शोभतात. दुसऱ्याने त्यांना म्हटले असते तर काय उत्तर मिळालं असतं, ते गाथा वाचणाऱ्यांना मी सांगायला नको.

ऐकणारा मिळणं हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर रशियन लेखक चेखवची १८८६ सालची कथा आहे, एका म्हाताऱ्या घोडागाडीवाल्याची. त्याचा मुलगा त्याच आठवड्यात गेलाय. बर्फ पडतंय, गिऱ्हाइकं येतात-जातात. पहिला एक लष्करी अधिकारी. ‘कशाने गेला?’ एवढं विचारतो, पुढे डोळे मिटून घेतो. मग तीन टवाळ पोरं बसतात. म्हातारा म्हणतो, माझा मुलगा गेला. त्यातला एक म्हणतो, ‘आपण सगळेच मरणार... हं, हाक लवकर!’ वसिष्ठांचाच सिद्धांत आहे हा, शब्दशः. फक्त तोंड बदललं की सिद्धांत किती पोकळ वाजतो ते ऐकू येतं. दरवानाशी बोलायला जावं तर तो पुढे हाकलतो, तबेल्यातला तरुण गाडीवान ऐकता ऐकता झोपतो. आणि म्हाताऱ्याला सांगायचंय काय? मुलगा आजारी कसा पडला, त्याचे हाल कसे झाले, मरण्याआधी काय बोलला. दफनाचं सांगायचंय. दवाखान्यात त्याचे कपडे आणायला गेलो तेव्हाचं सांगायचंय. सावकाश, नीट, क्रमाने. शेवटी तो हे सगळं घोडीला सांगतो. कथा वाचून लोक हळहळतात ती घोडी आली म्हणून. मी अडकतो त्या कपड्यांपाशी. मेलेल्या माणसाचे कपडे आणायला कुणीतरी जावं लागतं, हे चेखव डॉक्टर असल्यामुळे त्याने पाहिलं असणार.

मानसशास्त्राकडे मी थोडक्यात वळतो, कारण त्यातल्या एका गोष्टीचा बाजार फार झालाय. शोकाच्या पाच पायऱ्या: नकार, संताप, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचं हे पुस्तक १९६९चं. त्या बोलल्या होत्या मरणाच्या वाटेवर असलेल्या रुग्णांशी. मागे राहणाऱ्यांना त्या पायऱ्या नंतर चिकटवल्या गेल्या, आणि आता लोक दुःखी माणसाकडे पाहून विचारतात, ‘अजून संतापातच आहे का?’ गोविंदाग्रजांच्या ‘राजहंस माझा निजला’मधली आई मेलेल्या मुलाला झोपलेला म्हणते. तिला ‘पहिली पायरी’ म्हणून बघा. काय उरतं कवितेचं?

फ्रॉइडचं उदाहरण जास्त बोलकं आहे. १९१७च्या निबंधात त्याने म्हटलं की शोक हे काम आहे. गेलेल्याशी जोडलेली एकेक आठवण वर काढायची आणि तिच्यातून मन सोडवून घ्यायचं, म्हणून त्याला इतका वेळ लागतो. एकेक आठवण, हे त्याला नेमकं दिसलं होतं. काम संपलं की मन मोकळं होतं, हा त्याचा निष्कर्ष. १९२०मध्ये त्याची मुलगी सोफी इन्फ्लुएन्झाने गेली. १९२९च्या एप्रिलमध्ये, ती असती तर छत्तीस वर्षांची झाली असती त्या दिवशी, मुलगा गमावलेल्या बिन्सवांगर या मित्राला त्याने पत्र लिहिलं. आशय असा: तीव्र शोक ओसरतो हे खरं, पण आपलं समाधान कधीच होत नाही, त्या जागी दुसरं काही येत नाही, आणि आलंच तरी ते वेगळंच राहतं. असंच व्हायला हवं, कारण जे प्रेम सोडायचं नाही ते टिकवण्याचा हाच मार्ग. सिद्धांत मांडणाऱ्यानेच बारा वर्षांनी त्याला दुरुस्ती सुचवली होती. नऊ वर्षं उलटूनही वाढदिवस लक्षात होता, वय मोजलेलं होतं.

आणि मुदत? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाच्या विकारासाठी किमान सहा महिन्यांची अट आहे. त्याच वर्षी अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या सुधारित नियमावलीत हा विकार आला, तिथे प्रौढांसाठी बारा महिने. मी या निदानाच्या विरोधात नाही. काही माणसं खरोखरच अडकून पडतात, जेवत नाहीत, जगणं त्यांना नकोसं होतं, त्यांना उपचार मिळायला हवेत आणि निदानाशिवाय ते मिळत नाहीत. पण दोन जाणत्या संस्थांच्या उत्तरांत सहा महिन्यांचा फरक आहे, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिसऱ्या महिन्यात ‘आता सावर’ म्हणण्याची घाई करू नये.

मुदतीवरून ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याचा चोविसावा सर्ग आठवतो. हेक्टरला मारून अकिलीसने त्याचं प्रेत तंबूपाशी ठेवलंय. हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, रात्री एका सेवकाला घेऊन शत्रूच्या छावणीत येतो आणि मुलाला मारणाऱ्या हातांचं चुंबन घेतो. दोघेही रडतात, एक मुलासाठी, दुसरा दूर राहिलेल्या बापासाठी आणि हेक्टरने मारलेल्या मित्रासाठी. मग अकिलीसलाही उपदेशाची हुक्की येते. देवाच्या दारात दोन रांजण असतात, एक सुखाचा, एक दुःखाचा, रडून काही साधत नाही, ये, बस. प्रायमचं उत्तर: हेक्टर तिथे तसा पडलेला असताना मला बसायला सांगू नकोस. अकिलीस चिडतोही. सांत्वन इथेही परत गेलं.

मात्र हा योद्धा नंतर जे करतो ते वसिष्ठांना जमलं नव्हतं. तो दासींना सांगून प्रेताला आंघोळ घालायला लावतो, तेही बापाच्या नजरेआड, त्याचा संताप उफाळू नये म्हणून. स्वतः प्रेत उचलून ठेवतो. म्हाताऱ्याला जेवायला लावतो, निजायला जागा देतो. आणि विचारतो: अंत्यविधीला तुला किती दिवस लागतील? तेवढे दिवस मी लढाई थांबवतो. प्रायम हिशोब सांगतो. नऊ दिवस शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी त्याच्यावर ढिगारा रचू, बाराव्या दिवशी लढू, लढणं भागच असेल तर. अकिलीस म्हणतो, तसंच होईल. मुदत किती, हे ज्याचं माणूस गेलंय त्यालाच त्याने विचारलं, आणि उत्तर आलं त्यात एक दिवसही कापला नाही.

संयोजकांनी शेवटची वीस मिनिटं प्रश्नांसाठी राखली आहेत. प्रश्न नसेल, कुणाबद्दल काही सांगायचंच असेल, तरी चालेल. माईक दोन्ही बाजूंना आहे.