सरासरीत काय दडतं? स्व-करुणेचं मोजमाप

(दृश्य : टेबलावर छापील प्रश्नावली. एका विधानापाशी थबकलेलं पेन.)

आपल्या उणिवांवरून तुम्ही स्वतःलाच फैलावर घेता का, अशा अर्थाचं हे विधान. पुढे १ ते ५ आकडे. १ म्हणजे जवळजवळ कधीच नाही, ५ म्हणजे जवळजवळ नेहमी. पेन ४ वर जातं, परत ३ वर येतं. ऐन परीक्षेत विचारलं असतं, तर कदाचित थेट ५ वर गेलं असतं.

टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्व-करुणा मोजणारी ही २६ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. चूक झाली, अपयश आलं, की माणूस स्वतःशी कसा वागतो, हे त्यांना मोजायचं होतं. सुरुवातीच्या चाचण्या झाल्या त्या विद्यार्थ्यांवरच.

विधानांचे गट सहा, म्हणजे खरं तर तीन जोड्या. स्वतःला समजून घेणं की स्वतःवर कोरडे ओढणं. ‘असं सगळ्यांचंच होतं’ की ‘माझंच असं का?’. दुःखाकडे भानावर राहून पाहणं की त्यातच गटांगळ्या खाणं. दुसऱ्या बाजूचे गुण उलटे धरतात, ५ चा १ होतो, आणि शेवटी हाती येते एकच सरासरी.

(दृश्य : वाचनालय. पुस्तकांत डोकं घातलेले विद्यार्थी.)

ही सरासरी जास्त असेल, तर नैराश्य, चिंता, ताण कमी आढळतात. २०१२ मध्ये मॅकबेथ आणि गमली या संशोधकांनी १४ अभ्यास एकत्र तपासले. सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टींच्या नात्याचं उणे १ ते १ मधलं माप, निघाला उणे ०.५४ : एक वाढलं की दुसरं कमी. मानसशास्त्रात हा आकडा भलताच मोठा.

आणि मेख इथेच आहे. २६ पैकी १३ विधानं स्वतःला टोचण्याची, एकटं पडण्याची, त्याच त्या विचारात अडकण्याची. हे तर बरंचसं नैराश्याचंच वर्णन! मग नैराश्याशी नातं जुळलं, यात नवल ते काय? म्युरिस आणि पेट्रोकी यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की मानसिक त्रासाशी या नकारात्मक बाजूचं नातं सकारात्मक बाजूपेक्षा जास्त घट्ट आहे. नेफ यांना दोन बाजूंची अशी फारकत मान्य नाही. दोन्ही बाजू मिळूनच स्व-करुणा, असं त्या म्हणतात. वाद अजून चालू आहे.

वादाचा निकाल काहीही लागो, समुपदेशकाने निव्वळ सरासरीवर भिस्त ठेवू नये. दोघांचीही सरासरी ३ आली, तरी एक जण स्वतःला सांभाळतो आणि तितकंच झोडपतोही. दुसरा यातलं काहीच फारसं करत नाही. समुपदेशनाच्या खोलीत या दोघांशी बोलणं वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरू करावं लागतं.