इंजिनला हलू द्या की!

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं.

नाशिकसारख्या वसंत व्याख्यानमालेच्या गावात माइकसमोर उभं राहायचं म्हणजे आधीच पोटात गोळा, त्यात माझा विषय काय, तर इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे ज्या माउंटवर इंजिन बसतं ते! पण समोर बघतोय तर निम्मी मंडळी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आयुष्य घालवून रिटायर झालेली, त्यामुळे बुश म्हणजे माउंटच्या मधला लवचीक ठोकळा, इथपासून सुरुवात करत नाही. कार्डावर विषय छापलाय "आफ्टरमार्केट बुश टाकून इंजिनची थरथर कमी करणे", आफ्टरमार्केट म्हणजे गाडीच्या कंपनीचे नसलेले, बाहेरचे. पुढचं प्रश्नचिन्ह छापायचं राहिलंय, ते आपापल्या मनात टाकून घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिन हलणारच, आणि ते गाडीला त्रास न देता हलावं म्हणूनच माउंटमध्ये रबर घातलेलं असतं. बाजारात लाल-पिवळे पॉलियुरेथेनचे कडक बुश मिळतात ना, ते इंजिनचं हलणं कमी करतात, अगदी खरं आहे. पण तुमच्या बुडाला जी थरथर लागते ती त्याने वाढते. आणि विकताना नेमकं उलटं सांगतात, हे माझं दुखणं आहे.

आता आमच्या दाजींचं ऐका. ताई आज आलेली नाही म्हणून सांगतो. दाजींची चार सिलिंडरची डिझेल गाडी, कंपनीचं नाव घेत नाही, वय झालेली पण जिवापाड जपलेली. मुंबई नाक्याला सिग्नलवर उभी राहिली की हलकी थरथरायला लागली. दाजींनी एका गॅरेजमध्ये दाखवली, तर त्या मिस्त्रीने बॉनेटसुद्धा न उघडता निदान केलं, "काका, फाउंडेशन गेलं, लाल बुश टाकू, रेसिंगवाले हेच वापरतात." आता दाजी रेसिंग कुठे करतात? गंगापूर रोडला भाजी आणायला जातात! पण रेसिंग म्हटल्यावर माणूस फुगतो. म्हणाले, टाक. त्याने तेल भरलेला ओरिजिनल हायड्रॉलिक माउंट काढला आणि त्याच्या जागी भरीव लाल बुशवाला ठोकला, खालच्या टॉर्क रॉडला, म्हणजे इंजिनचा झोल धरणाऱ्या दांड्यालाही तोच. म्हणजे झोपलेल्या माणसाच्या डोक्याखालची उशी काढून पाट सरकवला.

पुढच्या सोमवारी ही मंडळी त्र्यंबकला निघाली. घरातून निघताना दाजी खूश, कारण गिअर कसे खटाखट पडतात, क्लच सोडताना झटका नाही. तो फायदा खरा आहे बरं का, मी नाकारत नाही. पण सातपूरच्या सिग्नलला गाडी थांबली, एसी चालू होता, आणि डॅशबोर्ड बोलायला लागला. आधी ग्लोव्ह बॉक्स, मग मागची पार्सल ट्रे, मग दाराच्या कप्प्यातली कुंकवाची डबी. आरशात मागच्या रिक्षा दोन-दोन दिसायला लागल्या. होल्डरमधला मोबाईल हळूहळू आपोआप वळत ताईकडे तोंड करून बसला, आणि दाजी स्क्रीन शोधतायत डावीकडे वाकून. ताई म्हणाली, "मला इथेच उतरवा, मी एसटीने येते." सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेत म्हणून थरथर होते असं दाजींनी सांगून पाहिलं, पण गाडी उभी होती हो! उभ्या गाडीला खड्डे कुठून लागणार? (हशा) गंमत अशी की पुढे रस्ता मोकळा झाल्यावर, स्पीड घेतल्यावर तीच गाडी बऱ्यापैकी शांत चालली. असं का, ते मी शेवटी सांगणार आहे, धीर धरा.

मी नंतर तो काढलेला जुना माउंट मागून घेतला. त्याच्या बाजूने काळा ओघळ होता, आतलं तेल गळून गेलेलं. म्हणजे रोग खरा होता, औषध चुकलं. नवा तसाच हायड्रॉलिक माउंट टाकला असता तर तिथेच विषय संपत होता.

ह्या रबराची गोष्टही मजेशीर आहे. जुन्या काळी इंजिन चेसिसला जवळजवळ घट्टच बोल्ट केलेलं असायचं. 1931 साली अमेरिकेत क्रायस्लरने प्लायमाउथ गाडीत चार सिलिंडरचं इंजिन रबराच्या दोन माउंटवर असं टांगलं, की दोन्ही माउंटमधून जाणारी रेषा इंजिनच्या गुरुत्वमध्यातून जाते, म्हणजे इंजिन स्वतःच्याच अक्षाभोवती डोलतं आणि बॉडीला त्याचा पत्ता लागत नाही. त्याला फ्लोटिंग पॉवर म्हणायचे. पुढे फ्रान्सच्या सित्रोएनने तीच कल्पना घेतली, जाहिरातीत पाण्यावर तरंगणारा हंस दाखवला. माझ्याकडे ह्या हंसावर अजून बरंच काही...

चिठ्ठी आली. अध्यक्ष म्हणतायत दहा मिनिटं. मुख्य विषय तर राहिलाच, आता भराभर घेतो.

हिशोब असा. चार सिलिंडरचं इंजिन 800 आरपीएमवर स्लो चालतं तेव्हा सेकंदाला साधारण 27 धक्के देतं, तीन सिलिंडरचं 20. माउंटवर ठेवलेल्या इंजिनची स्वतःचीही एक डोलायची गती असते, आपण सेकंदाला 10 धरू. धक्क्यांची गती ह्या गतीच्या 1.41 पटीच्या वर गेली तरच माउंट थरथर अडवायला लागतो, त्याखाली उलट वाढवतो. म्हणजे 14 च्या वर सगळं ठीक, आपले 27 आरामात वर. आता चौपट कडक बुश टाका. डोलायची गती दुप्पट होते, 20, आणि गुणिले 1.41 म्हणजे 28. आपले 27 आले खाली! सिग्नलवर डॅशबोर्ड बोलतो तो म्हणून. आणि 2000 आरपीएमला धक्के जातात 67 वर, मग कडक बुशही थोडंफार अडवतो, म्हणून दाजींची गाडी मोकळ्या रस्त्याला शांत.

कडकपणा शोअर ए मध्ये मोजतात, रबर माउंट साधारण 50-60, पॉलियुरेथेन 75 पासून 95 पर्यंत. रोजच्या गाडीला टाकायचाच असेल तर फक्त खालच्या टॉर्क रॉडला, आणि मऊ बाजूचा. त्याच्यावर इंजिनचं वजन नसतं, तो फक्त पुढेमागे होणारा झोल धरतो. थरथर थोडी वाढेल पण झटका जाईल. वजन पेलणारे माउंट ओरिजिनल प्रकारचेच ठेवा.

त्याच्याही आधी बघा की थरथर माउंटचीच आहे का. फक्त 80-90 च्या स्पीडला येत असेल तर व्हील बॅलन्सिंग. न्यूट्रलला स्लोवर एका लयीत न येता अडखळत येत असेल तर प्लग, कॉइल, डिझेलला इंजेक्टर. माउंट बघायचा तर बॉनेट उघडा, हँडब्रेक आणि पायब्रेक दाबून पहिल्यात क्लच किंचित सोडा, मग रिव्हर्सला तसंच, आणि दुसऱ्या माणसाने बाजूला उभं राहून बघायचं इंजिन किती उचलतंय. बाजूला म्हटलं, पुढे नाही!

बसवताना मिस्त्री हमखास चुकतात ते शेवटचं. संपखाली, म्हणजे इंजिनच्या तळच्या ऑइलच्या टाकीखाली, लाकडी ठोकळा ठेवून जॅकवर इंजिन उचललेलं असतं आणि तसेच बोल्ट आवळतात, मग रबर पिळलेलंच राहतं आणि नवा माउंटही थरथर देतो. बोल्ट सैल ठेवा, जॅक काढा, इंजिन आपल्या वजनाने बसू द्या, हाताने एकदा हलवा, मग टॉर्क रेंचने आवळा.

चिठ्ठी परत आली. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, आणि ज्यांनी गाड्या आणल्यात त्यांनी आधी जाऊन बॉनेट उघडून ठेवा, इंजिन गरम आहे तोवर बघून घेऊ.