कॉम्प्युटरची सफाई: पैसे कशाचे द्यायचे?

(नाशिकमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मागच्या महिन्यात पंचवटीतले एक निवृत्त शिक्षक कॉम्प्युटर घेऊन माझ्या दुकानात आले. मशीन चालू केलं, तर स्क्रीनवर लाल अक्षरांत आकडा: १,१८६ त्रुटी सापडल्या. खाली बटण, 'आत्ताच दुरुस्त करा'. हा आकडा दाखवणाऱ्या सफाईच्या सॉफ्टवेअरसाठी सर दरवर्षी २,४०० रुपये भरत होते. म्हणाले, "मी रोज साफ करतो हो, आठवड्यात पुन्हा तेवढ्याच निघतात. कॉम्प्युटर काही पळत नाही."

मी कॅबिनेटचं झाकण काढलं. प्रोसेसरच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूच्या, पंख्याखाली जी धातूची पाती असतात, त्यांच्यात धुळीचा थर जाजमासारखा घट्ट बसला होता. वारा जायला जागाच नव्हती. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. ब्रश आणि ब्लोअर, वीस मिनिटांचं काम. ही धूळ जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर काढू शकत नाही.

मग त्या १,१८६ त्रुटी कसल्या? मी यादी उघडून सरांना दाखवली. निम्म्या कुकीज, म्हणजे वेबसाइटनी ठेवलेल्या बारक्या फाइली. काही तात्पुरत्या फाइली. उरलेल्या रजिस्ट्रीतल्या नोंदी. रजिस्ट्री ही विंडोजची नोंदवही. एखादा प्रोग्राम काढून टाकला, तरी त्याच्या दोनचार ओळी तिथे राहतात. जुन्या डायरीत बंद पडलेले फोन नंबर राहतात ना, तसं. त्यानं डायरी जड होत नाही. उलट चुकीची ओळ खोडली गेली, तर चांगला चालणारा प्रोग्राम उघडेनासा होतो. असले रजिस्ट्री क्लीनर वापरायला खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

मला राग येतो तो या भीतीच्या धंद्याचा. अमेरिकेत २०१९ साली ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी, दोघींना फसव्या तपासणीच्या आरोपावरून मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. ग्राहकाला आधी विचारायचे: कॉम्प्युटर हळू चालतो का? मध्येच बंद पडतो का? एका जरी प्रश्नापुढे खूण झाली, की तपासणीत घातक सॉफ्टवेअरची लक्षणं दिसणारच! निकाल त्या खुणेवरच ठरत होता. आणि २०१७ मध्ये सीसीक्लीनर या नावाजलेल्या सफाई प्रोग्रामच्याच एका आवृत्तीत हॅकरनी घातक कोड घुसवला होता. लाखो मशीनवर तो कंपनीच्या अधिकृत अपडेटमधूनच पोहोचला.

तुम्हाला जे लागतं ते विंडोजमध्ये फुकट आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा अँटिव्हायरस आतच येतो. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथे स्टोरेज. 'स्टोरेज सेन्स' चालू करून ठेवा, कचरा आपोआप जातो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात स्टार्टअपची यादी बघा. मशीन सुरू होताना कोण कोण उठून बसतं ते तिथे कळतं. ओळखीचं नसेल त्याची आधी चौकशी करा, मगच बंद करा.

पैसे खर्चायचेच असतील, तर एसएसडीवर, म्हणजे चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या डिस्कवर, खर्चा. जुन्या हार्डडिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि प्रत्येक फाइलसाठी सुईला जागा शोधत जावं लागतं. एसएसडीत फिरणारं काही नाही. सरांच्या मशीनमध्ये आम्ही ती बसवली. आधी विंडोज सुरू होईपर्यंत त्यांचा चहा पिऊन व्हायचा, आता कपात साखर विरघळेपर्यंत स्क्रीन तयार असते. दुसरा खर्च बाहेरच्या हार्डडिस्कचा. नातवंडांचे फोटो, घराची कागदपत्रं, सगळ्याची एक प्रत तिच्यात, आणि ती डिस्क एरवी कॉम्प्युटरपासून काढून कपाटात. हा खर्च टाळू नका, अशी हात जोडून विनंती आहे. डिस्क गेल्यावर रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

विंडोज १० चे सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, त्यामुळे ज्यांचं मशीन त्यावर आहे त्यांनी आज मला थांबून भेटा.

ज्यांनी लॅपटॉप आणलेत, त्यांनी पुढे या. टेबलामागे दोन प्लग आहेत. स्टार्टअपची यादी एकेकाची उघडून बघू.