‘जेवण जात नाही’ या तक्रारीमागे

अ‍ॅनोरेक्सिया (खाणं कमी करत वजन धोक्याइतकं घटवणारा मानसिक आजार) झालेली मुलगी आपल्याकडे ‘मला बारीक व्हायचंय’ असं सांगत दवाखान्यात येतेच असं नाही. ‘जेवण जात नाही, दोन घासांत पोट गच्च होतं’ अशी तक्रार असते, आणि तीही बहुधा आईच सांगते. मग सोनोग्राफी, दुर्बीण, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या. रिपोर्ट सगळे नॉर्मल. पण मुलगी खोटं बोलत नसते. उपासमारीत जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे थोडं खाल्लं तरी पोट खरोखरच जड होतं. जाडीची भीती बोलून न दाखवणारे असे रुग्ण हाँगकाँगचे मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांनी १९९० च्या दशकातच नोंदवले आहेत.

घरच्यांनी ताट बघावं. पोळीचे नखाएवढे तुकडे, कडेला पसरलेली भाताची शितं, ताट तिरकं करून निथळवलेलं भाजीचं तेल. आणि उपवास! आई-आजी करत नाहीत तो वार मुलीने अचानक धरला, तर ती तो सोडते कसा ते पाहा. उपवासाला खिचडी, रताळं, दाण्याचा लाडू असतोच की. इथे नुसता कोरा चहा असतो, आणि रात्री उपवास सोडायच्या वेळी भूक ‘मेलेली’ असते.

चाळणीसाठी, म्हणजे खाण्याच्या अशा आजाराचा प्राथमिक अंदाज घेण्यासाठी, १९९९ साली ब्रिटनमध्ये तयार झालेले पाच प्रश्न सोपे आहेत. पोट फार भरलं म्हणून मुद्दाम उलटी काढतेस का? खाण्यावरचा ताबा सुटल्याची काळजी वाटते का? तीन महिन्यांत सहा किलोंहून जास्त वजन घटलं का? इतर जण बारीक म्हणत असताना तुला स्वतः जाड वाटतं का? खाण्याचेच विचार दिवसभर व्यापून राहतात का? दोन उत्तरं ‘हो’ आली की नीट तपासणी करायची. मात्र चाळीस किलोच्या मुलीचं वजन सहा किलोंनी घटेपर्यंत वाट बघत बसू नका. पाळी थांबलेली असलीच पाहिजे, ही निदानाची अटही २०१३ पासून गेली. मुलगेही यात सापडतात.

क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह, सिलियाक (गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार) हे तपासून घ्यायचेच. वजन लघवी करून आल्यावर, हलक्या कपड्यांत घ्यायचं. काट्यावर चढण्याआधी लिटरभर पाणी पिणं ही जुनी युक्ती आहे. पण काट्यापेक्षा नाडी जास्त सांगते. किशोरवयात दिवसा, विश्रांतीत ती मिनिटाला पन्नासच्या खाली असेल, तर भरती करण्याचा विचार तिथेच करायचा. पोटॅशियम, फॉस्फेट आणि ईसीजी हवेतच. बुलिमियात, म्हणजे ताबा सुटून भरमसाट खायचं आणि मग उलटी वगैरे करून ते काढून टाकायचं या आजारात, वजन बहुतेकदा नॉर्मल असतं. त्यात गालांमागच्या लाळग्रंथी सुजलेल्या, दातांची आतली बाजू झिजलेली, बोटांच्या सांध्यांवर घट्टे दिसतात आणि पोटॅशियम उतरून हृदयाची लय बिघडू शकते. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर आम्लाने मऊ झालेला दाताचा थर घासला जातो. नुसती चूळ भरावी.

सगळ्यात जपायचं ते पुन्हा खायला सुरुवात करताना. दहा-बारा दिवस जवळपास काहीच पोटात नसताना एकदम शिरा, शिकरण, ग्लुकोज सुरू केलं की इन्शुलिन वाढतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत शिरतं. साठा आधीच आटलेला असतो. मग सूज, धाप, झटके, कधी हृदयच थांबतं. म्हणून आधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) द्यायचं आणि पहिला आठवडाभर रक्त वारंवार तपासायचं. जास्त धोक्यातल्या प्रौढाला किलोमागे दहा किलोकॅलरींच्या आसपास, म्हणजे पस्तीस किलोला साडेतीनशे, आणि पुढे रोज थोडी वाढ. किशोरवयीनांना रुग्णालयात देखरेखीखाली याहून बरंच जास्त देतात, कारण हात फारच आखडता घेतला तर वजन आणखी घसरतं.

अ‍ॅनोरेक्सिया बरा करणारी गोळी नाही. बुलिमियात प्रौढांना फ्लुओक्सेटिन उपयोगी पडतं, पण रोज ६० मिलिग्रॅम. नैराश्याच्या नेहमीच्या २० मिलिग्रॅमवर थांबून ‘औषध लागू पडत नाही’ म्हणणं चूक. शिवाय विचार-वर्तन उपचार (सीबीटी, विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) हवेतच.

शाळकरी वयात मुख्य उपचार घरातूनच होतो. काय आणि किती वाढायचं हे काही महिने आई-वडील ठरवतात: तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, आणि शेजारी कुणीतरी बसलेलं. कॅलरींवर वाद घालायचा नाही. ‘आता हा घास’, एवढंच. जेवणाला अर्धा तास. नंतर तासभर बाथरूमकडे एकटं जाऊ द्यायचं नाही. तेवढा वेळ पत्ते खेळा, टीव्ही लावा, वजनाचा विषय सोडून काहीही बोला.