वाकवायचं, पण पसरवायचं नाही

दुर्मिळ मृदा म्हटलं की हल्ली मोटारीतली चुंबकं आणि चीनची निर्यातबंधनं यांचीच चर्चा होते. मी आज काचेबद्दल बोलणार आहे. चांगल्या कॅमेऱ्याच्या काही भिंगांत लँथॅनम या दुर्मिळ मृदेचं ऑक्साइड वजनाने एक तृतीयांशाहून जास्त असतं. मिठासारखं चिमूटभर नव्हे.

भिंग करणाऱ्याची मूळ अडचण अशी. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकद, जास्त असला, की भिंग कमी फुगीर ठेवूनही तेच नाभीय अंतर मिळतं आणि कडेचे किरण भलतीकडे जात नाहीत. अपवर्तनांक वाढवायला शिसं घालायचे. पण शिशाची काच निळा प्रकाश तांबड्यापेक्षा फार जास्त वाकवते. चित्राला रंगीत किनार येते. हे अपस्करण अॅबे अंकाने मोजतात. हा अंक जितका मोठा, तितकं अपस्करण कमी आणि काच गुणी. साध्या क्राउन काचेचा अपवर्तनांक 1.517 आणि अॅबे अंक 64. शिशाच्या जड फ्लिंटचा अपवर्तनांक 1.805, पण अॅबे अंक घसरून 25.

1930 च्या दशकात वॉशिंग्टनमधल्या कार्नेगी संस्थेच्या भूभौतिकी प्रयोगशाळेत जॉर्ज मोरी यांनी वाळूचा, म्हणजे सिलिकाचा, नाद सोडला आणि बोरेटच्या, म्हणजे बोरॉन ऑक्साइडच्या, काचेत लँथॅनम घातलं. आज या घराण्यातल्या एका काचेचा अपवर्तनांक 1.755 आहे आणि अॅबे अंक 52! क्राउनच्या जागी ती वापरली, तर सपाट-बहिर्गोल भिंगाची वक्रतात्रिज्या त्याच नाभीय अंतरासाठी जवळजवळ दीडपट होते, म्हणजे भिंग तितकं कमी फुगीर.

असं का होतं? काच अतिनील प्रकाश कोणत्या तरंगलांबीपासून शोषायला लागते, यावर अपस्करण ठरतं. शिशाचं शोषण दृश्य प्रकाशाच्या अगदी उंबऱ्याशी येऊन ठेपतं, म्हणून निळ्यावर त्याचा प्रभाव जास्त. लँथॅनमच्या बोरेट काचेत ते अतिनीलात बरंच दूर राहतं, आणि जड आयन दाटीने बसल्यामुळे अपवर्तनांक मात्र चढतो. शिवाय लँथॅनमच्या आयनात 4एफ, म्हणजे अणूच्या एका आतल्या उपकक्षेतला, इलेक्ट्रॉन एकही नसतो, त्यामुळे काचेला रंग येत नाही. त्याच कुटुंबातल्या निओडिमियमकडे असे तीन इलेक्ट्रॉन आहेत. ते सोडियमचा 589 नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश शोषतात, म्हणून काच तापवणारे कारागीर निओडिमियम असलेला चष्मा लावतात. ज्योतीची पिवळी झळाळी नाहीशी होते आणि काम स्पष्ट दिसतं.

लँथॅनमची काच ओतणं मात्र कटकटीचं. वितळलेला रस इतका पातळ असतो की थंड होताना स्फटिक व्हायला टपलेला असतो, आणि मातीची मूस खातो. म्हणून प्लॅटिनमची भांडी. गॅडोलिनियम, इट्रियम, झिर्कोनिया मिसळून स्फटिकांना रोखायचं. माझ्या मते या काचेची खरी हुशारी या मिश्रणात आहे. अपवर्तनांकाचे आकडे तर कोणीही तक्त्यात वाचेल.

सुरुवातीच्या काचांत थोरियमही घालत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी विमानांतल्या कॅमेऱ्यांना कोडॅकचं एरो-एक्टार हे भिंग असे, त्यात ती काच होती. थोरियमच्या किरणोत्साराने काच स्वतःच हळूहळू तपकिरी पडते. जुनी भिंगं जमवणारे ती उन्हात ठेवतात, अतिनील प्रकाशाने रंग बराच उतरतो. पुढे थोरियम वगळलं गेलं.

बाहेरून किरणोत्सार येणार असेल, तर सिरियम ही आणखी एक दुर्मिळ मृदा कामाला येते. किरणोत्साराने सुटलेले इलेक्ट्रॉन काचेतल्या दोषांत अडकतात आणि तिथे रंग धरतो. सिरियम त्या आधीच ते झेलतं. अवकाशातल्या दुर्बिणींच्या काचा, आणि ट्रॉम्बेसारख्या अणुकेंद्रांत हॉट सेलच्या, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ हाताळायच्या बंद खोल्यांच्या, शिशाच्या काचेच्या जाडजूड खिडक्या, अशा सिरियममुळे वर्षानुवर्षं पारदर्शक राहतात. मात्र सिरियम स्वतः अतिनील शोषतं आणि त्या शोषणाची शेपटी निळ्यापर्यंत येते. त्यामुळे अशी काच पहिल्या दिवसापासूनच किंचित पिवळी असते, आणि जाड खिडकीत तर ते पिवळेपण नुसत्या डोळ्यांनाही दिसतं.