बाबा फोनवर कमी बोलले, म्हणून...

पुण्यातली सदाशिव पेठ. सकाळीच अभ्यासिकेबाहेर चपलांचा ढीग लागलेला असतो, आत एमपीएससीची पोरं मान खाली घालून बसलेली, दुपारी मेस, परत तीच खुर्ची, आणि प्रिलिम दोन मार्कांनी गेली की डोक्यात एकच सुरू होतं, आता आपलं काही होत नाही, गावाकडं काय तोंड दाखवू.

असे आपोआप येणारे विचार माणूस तपासतच नाही, सरळ खरे धरून चालतो, हे फिलाडेल्फियात 1960च्या दशकात डिप्रेशनच्या पेशंटसोबत काम करताना मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी मांडलं आणि त्यातून सीबीटी, म्हणजे असे विचार तपासून बदलायला शिकवणारी थेरपी, उभी राहिली. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस त्याच्या थोडं आधीपासून याच वाटेवर होते, त्यांची पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत आणली.

ही थेरपी गटातही घेता येते, ते कसं चालतं बघा. आठ-दहा जण, एक ट्रेनिंग घेतलेला थेरपिस्ट, आठवड्यातून एकदा तास-दीड तास. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरतं.

समजा एकाने कागदावर लिहिलं, घरी फोन केला, बाबा कमी बोलले. मनात काय आलं? मी त्यांचे पैसे वाया घालवतोय. किती खरं वाटतं? नव्वद टक्के. आता पुरावा काय, असं विचारलं की तो गप्प होतो, आणि शेजारचा म्हणतो, अरे माझे बाबा पण दोन मिनिटांत ठेव म्हणतात, सोयाबीनचा भाव पडलाय ना, त्याचं टेन्शन असेल. मग तो नव्वद खोडून पन्नास लिहितो. शून्य नाही, पन्नासच, पण त्या रात्री झोप लागायला तेवढं पुरतं.

हे थेरपिस्टने सांगितलं असतं तर पोराला ती समजूत वाटली असती, पण तशाच खोलीत राहणाऱ्या, तशीच प्रिलिम गेलेल्या पोराने सांगितलं की ते पटतं. कॉलेजं वर्षातून एक मोटिव्हेशनल लेक्चर ठेवून मोकळी होतात याचं म्हणून वाईट वाटतं, टाळ्या वाजतात आणि पोरगं रूमवर परत एकटंच.

जीव द्यायचे विचार येत असतील तर मात्र गटाची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर गाठायचा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करायचा, फ्री आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

आणि त्या पोराला या आठवड्याचा होमवर्क मिळालाय: बाबांना फोन करायचा आणि सरळ विचारायचं, नाराज आहात का माझ्यावर?